आदिवासींची घटनात्मक मान्यता : सार्वमत, संविधान आणि ग्रामसभा

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. तेथील मूळ रहिवाशांना राज्यघटनेत मान्यता द्यावी व त्यांचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे एक सल्लागार मंडळ स्थापावे, असा तो प्रस्ताव होता. सुमारे ६० टक्के मतदारांनी तो नाकारला. सहांपैकी एकाही राज्यात त्यास बहुमत मिळाले नाही.

पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी शहरात आलेले आदिवासी बांधव इंदिरानगरातील आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्याबाबत असे सार्वमत कधी झाले का? झाले नाही. आपल्या संविधानात सार्वमताची तरतूदच नाही; घटनादुरुस्ती अनुच्छेद ३६८ नुसार संसद करते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला, तोही त्यासाठी खास कायदा करून. आपल्यातील गोमंतकीय कुटुंबांना त्याची आठवण निश्चितच असेल.

आदिवासींची मान्यता संविधान सभेतच ठरली. राँचीच्या मिशन शाळेत शिकलेले, १९२८ च्या ऑलिंपिकमधील हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा त्या सभेचे सदस्य होते. 'अनुसूचित जमाती' ऐवजी 'आदिवासी' हाच शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या शब्दाला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. परिणामी अनुच्छेद ३४२ खालील यादीत ज्या जमातीचे नाव आहे, तिलाच मान्यता मिळते. सर्वच भारतीय मूळ रहिवासी आहेत, ही शासनाची भूमिका आहे. मुंडांचा शब्द लोकांच्या तोंडी राहिला, कायद्यात मात्र आला नाही.

मान्यतेचा दुसरा भाग भूमीशी निगडित आहे. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार, १९८५ च्या आदेशान्वये, आपल्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके, तसेच दिंडोरी, इगतपुरी, बागलाण आणि तत्कालीन नाशिक तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू असून ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. सार्वमताच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे हीच म्हणावी लागेल. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांपुढे बॉक्साइट खाणीचा प्रश्न ठेवण्यात आला आणि बाराही सभांनी खाण नाकारली. ऑस्ट्रेलियात अल्पसंख्य समाजाचा निर्णय बहुसंख्यांनी केला. येथे ज्यांचा डोंगर, त्यांनाच विचारले गेले.

अर्थात कागदावरील हक्क हाती पडतोच असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे रखडले, म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. इंदिरानगरला लागून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग हीच त्यांची वाट होती. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांना अडचण होऊ नये, म्हणून मुंबईतील शेवटचे अंतर त्यांनी रात्रीच कापले.

आता आपल्या धर्मग्रामांतील आदिवासी कुटुंबांचा प्रश्न. ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी काही संघटना करीत असतात, आणि त्यामुळे पालकांच्या मनात भीती निर्माण होते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींच्या आदेशात ती नाही. केवळ धर्मांतरामुळे जमातीचे सदस्यत्व आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळातील एका प्रकरणात सांगितले. मात्र ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती पाळते किंवा नाही, हे पुराव्यावरून पाहिले जाते. त्यामुळे जमातीच्या दाखल्यासाठी अर्ज करताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी, विशेषतः शाळेच्या व महसूल दप्तरातील, शोधून त्यांच्या प्रमाणित प्रती जवळ ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांना गावाचे व शाळेचे नाव आठवते तोवरच हे काम उरकलेले बरे.