दुसरा शनिवार, अपग्रेडचा दिवस

सकाळी ६.००
बेळगावातल्या एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. आज ८ नोव्हेंबर २०२५, दुसरा शनिवार, बँक बंद. खात्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस १३ वरून १७ वर न्यायचाय. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, तिला ५ वर्षं सपोर्ट मिळतो. १३ ची मुदत येत्या गुरुवारी संपते. त्यानंतर त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली तरी दुरुस्ती येणार नाही.

७.३०
कंग्राळीहून शाहूनगरमार्गे बँकेत. काल रात्रीच्या डे-एंडनंतरचा बॅकअप आधी दुसऱ्या मशीनवर उतरवला, काही खात्यांच्या शिलका ताडून पाहिल्या. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवायचा नसतो.

९.००
रंगीत तालीम आधीच झाली आहे, तरी पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं साधन पहिल्यांदा नुसतं तपासणीसाठी चालवलं. यात डेटाला हात लागत नाही, फक्त अडचणी कळतात. एकही निघाली नाही. १३ वरून थेट १७ वर जाता येतं, मधल्या तीन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

१०.१५
मॅनेजरसाहेब आले. "सर, सगळं नीट चाललंय की ओ. मग कशाला हात लावायचा?"

मी त्यांना ३१ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशाची पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने त्यांची जोडणी तोडली. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांची एटीएम आणि यूपीआय सेवा ठप्प झाली. सुरक्षा संशोधकांनी बोट ठेवलं ते सी-एजशी जोडलेल्या एका सेवापुरवठादाराच्या सर्व्हरवरच्या जेंकिन्स या सॉफ्टवेअरवर. त्यातल्या त्रुटीची दुरुस्ती जानेवारीतच आली होती. साहेबांनी खुर्ची ओढली. "करा सुरू."

दुपारी १२.३०
डबा खाताना साहेबांचा पुढचा प्रश्न : "मग दरवर्षी हेच करायचं काय?"

प्रत्येक सॉफ्टवेअरची चाल वेगळी. अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला जेमतेम १४ महिने सपोर्ट. ज्यांच्याकडे त्यासाठी वेगळी टीम आहे, त्यांनाच ते पेलतं. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, दर दोन वर्षांनी येते आणि ५ वर्षं टिकते. रेड हॅट आपल्या लिनक्ससाठी १० वर्षांचा शब्द देते. पण त्याच लिनक्सची मोफत आवृत्ती असलेलं सेंटओएस ८ हे २०२९ पर्यंत चालेल म्हणून ज्यांनी बसवलं, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळलं की ते २०२१ अखेर बंद होणार. म्हणून लांब मुदतीचं निवडावं आणि तरीही मुदतीवर दरवर्षी नजर ठेवावी. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या मात्र आल्या की लावायच्या. पोस्टग्रेसमध्ये त्या साधारण तीन महिन्यांनी येतात.

२.३०
नवी आवृत्ती सुरू झाली, पण काम संपलं नाही. कोणत्या टेबलात किती आणि कसा डेटा आहे याचे जुने अंदाज या उडीत सोबत येत नाहीत. ते नव्याने तयार केल्याशिवाय कर्जखात्याचा साधा रिपोर्टही रेंगाळतो. ते काम लावलं आणि पूर्ण होईपर्यंत कुणालाही लॉगिन करू दिलं नाही.

४.३०
हिशेबनीस आले. कालच्या तेरजेशी आजची तेरीज ताडली, पैशापैशाला जुळली. काउंटरवर एक पासबुक छापून पाहिलं.

६.००
नोंदवहीत लिहिलं : पोस्टग्रेस १७, सपोर्ट नोव्हेंबर २०२९ पर्यंत. पुढची तालीम २०२८ मध्ये.

सीमाभागातल्या प्रत्येक पतसंस्थेच्या आणि सहकारी बँकेच्या संचालकांना माझी विनंती आहे. आपलं प्रत्येक सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं आहे आणि त्याचा सपोर्ट कधी संपतो, याचा तक्ता पुढच्या बैठकीत मागून घ्या. ज्याची मुदत वर्षभरात संपते, त्याच्या खर्चाची तरतूद त्याच बैठकीत करा. ठेवीदाराचा पैसा या तारखांवरही अवलंबून असतो.