चांगला बोकड गावातच राहू द्या

आजचा विषय जरा वेगळा आहे. सुरुवात कुत्र्यांपासून करू आणि आपल्या शेळ्यांपाशी येऊन थांबू. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : पुढची पिढी कोणत्या नरापासून होणार, हे ठरवतं कोण?

मुधोळ हे गाव आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. स्वातंत्र्याआधी तिथे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान होतं. त्या भागातले शिकारी कुत्रे प्रसिद्ध आहेत. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. ससा दिसला की बाणासारखे सुटतात. आपल्या महाराष्ट्रात अशाच कुत्र्यांना कारवानी म्हणतात.

ही जात राजाने निर्माण केलेली नाही. बेडर समाजाचे शिकारी, मेंढपाळ, शेतकरी असे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी चांगले नर-मादी निवडून जोपासले. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पडलं, असं सांगतात. संस्थान गेलं, पण नाव राहिलं. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचं तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या पैदाशीचं आणि संशोधनाचं सरकारी केंद्र आहे. २०१६ साली इथली पिल्लं सैन्याकडे प्रशिक्षणासाठी गेली.

राजाजवळ असं काय होतं, जे मेंढपाळाजवळ नव्हतं? पारख तर मेंढपाळालाही होती. पण राजाला विकायची घाई नव्हती. कळपातला सगळ्यात चांगला नर तो ठेवून घेऊ शकत होता.

आता आपल्या गोठ्यात पाहू. यवतमाळ जिल्ह्यात आपण गावोगावी गटांच्या बैठकांना जातो, तिथे हेच दिसतं. ज्या करडाची वाढ सगळ्यात चांगली, ते बकरी ईदला किंवा पोरांच्या शाळेच्या खर्चासाठी आधी विकलं जातं. त्याला भावही चांगला मिळतो. मागे राहतं ते बारकं, ज्याला गिऱ्हाईक आलं नाही. तेच पुढे मोठं होऊन शेळ्यांना लागतं. म्हणजे दरवर्षी आपण चांगलं रक्त बाजारात पाठवतो आणि उरलेल्यावर पुढची पिढी काढतो. यात कोणा बाईची चूक नाही. गरज असली की विकावंच लागतं. पण नुकसान होतंच.

हिशोब करून पाहा. एक शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो. त्या सगळ्या करडांमध्ये निम्मं रक्त त्याचंच. शेळी कमी प्रतीची निघाली तर एका घरचं नुकसान. बोकड तसा निघाला तर साऱ्या मोहल्ल्याचं.

दुसरी गोष्ट, तोच बोकड वर्षानुवर्षं राहिला तर काय होतं? पाट सात-आठ महिन्यांची झाली की माजावर येते, आणि कळपात तिचा बापच फिरत असतो. बाप-लेकीच्या अशा संबंधातून करडं लहान जन्मतात, लवकर दगावतात, वाढ खुंटते. आपण म्हणतो, नजर लागली. खरं कारण रक्ताचं नातं असतं.

आता प्रदर्शनाबद्दल. इंग्लंडमध्ये फॉक्सहाउंड नावाचे कुत्रे असतात. ते वासावर कोल्ह्याचा माग काढतात. पीटरबरो इथे त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. एके काळी तिथे जाड हाडांचे, वजनदार कुत्रे पहिले येऊ लागले. मग सगळे त्याच नरांपासून पैदास करू लागले. कुत्रे रुबाबदार झाले, पण पळायला जड. तेव्हा सर एडवर्ड करी आणि आयझॅक बेल या श्रीमंत शिकाऱ्यांनी वेल्सच्या चपळ कुत्र्यांचं रक्त त्यांच्यात मिसळलं. आधी लोकांनी नाकं मुरडली. पण कामाला तेच कुत्रे सरस ठरले आणि आजच्या फॉक्सहाउंडमध्ये ते रक्त आहे. बक्षीस ज्याला मिळतं, त्याचीच पिल्लं वाढतात. म्हणून पशुप्रदर्शनात बोकडाची उंची, रंग, लांब कान पाहून थांबू नका. विचारा : याची आई जुळी देते का? दूध किती? आपल्या उन्हाळ्यात टिकते का? आपली बेरारी शेळी दिसायला साधी, पण इथल्या हवामानाची आहे.

मग आपण काय करायचं? राजाचं काम एकट्या बाईला झेपणार नाही, पण गटाला झेपतं. दहा जणींच्या दोन-दोन शेळ्या धरल्या तरी वीस होतात. त्यांना एक बोकड पुरे.

पहिलं, सगळ्यात चांगलं नर करडू हेरा, शक्यतो जुळ्यातलं आणि दुधाळ शेळीचं. ज्या घरचं असेल त्या घराला गटाच्या बचतीतून बाजारभावाने पैसे द्या. तिची गरजही भागते, बोकडही गावात राहतो.

दुसरं, बाकीचे नर वेळेत खच्ची करून घ्या. त्यासाठी पशुसखी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याची मदत घ्या.

तिसरं, दीड-दोन वर्षांनी बोकड बदला. शेजारच्या गावच्या गटाशी अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत.

चौथं, एक वही ठेवा. कोणती शेळी, कोणता बोकड, कधी व्याली, किती करडं, किती जगली. एवढंच.

मुधोळच्या कुत्र्याला संस्थानाचं नाव मिळालं आणि ज्यांनी ती जात आधी सांभाळली, त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. आपल्या शेळ्यांच्या वहीत मात्र पहिल्या पानावर गटातल्या दहाही जणींची नावं लिहा. येत्या बैठकीत हा एक विषय घ्याच : आपल्या गावात आज बोकड कोणाचा आहे, आणि तो आला कुठून?