आधी कान, मग बटण!

चाळीत दारे दिवसभर उघडी असायची. म्हातारीला ठसका लागला तरी शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन यायची. आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे! पण टॉवरमध्ये दार बंद असते आणि हाक भिंतीपाशीच थांबते.

आमच्या ओळखीच्या एका घरातील गोष्ट. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. आजींच्या गळ्यात बिनतारी घंटेचे बटण होते. मोरीत त्यांचा पाय घसरला. त्यांनी बटण दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. घंटा वाजत राहिली, पण त्यांच्याच रिकाम्या घरात, टीव्हीच्या मागे! दुपारी नातू आला तेव्हा कळले. खुब्याचे हाड मोडले होते. यंत्र चांगले होते, मांडणी चुकली होती.

म्हणून बंधू-भगिनींनो, घंटा विकत घेण्यापूर्वी कागदावर घराचा नकाशा काढा आणि पहिला प्रश्न विचारा : दिवसा ऐकणार कोण? रात्री ऐकणार कोण? एका बटणावर दोन-तीन घंटा वाजतील असा संच घ्यावा. एक घंटा आपल्या घरात, दुसरी दिवसभर घरी असणाऱ्या शेजाऱ्यांकडे. घराची एक चावीही त्यांच्याकडे ठेवावी. नाहीतर घंटा ऐकून आलेला माणूस बंद दाराबाहेरच उभा राहील.

मग बटणांची जागा. एक बटण गळ्यात. ते पाण्याने बिघडणारे नसावे, कारण बहुतेक माणसे अंघोळीला जाताना ते खुंटीला अडकवतात आणि पाय नेमका तिथेच घसरतो. दुसरे बटण मोरीच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल. तिसरे उशाशी.

बटणातून रेडिओच्या लहरी निघतात आणि घंटा त्या पकडते. विटांची भिंत, प्लायवूड यांतून लहरी बऱ्यापैकी जातात. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब, लिफ्टची जागा, लोखंडी कपाट, पत्रा त्यांना अडवतात. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. इमारतीत ते पुष्कळ कमी भरते. घंटा उंचावर लावावी. कपाटामागे, टीव्ही-फ्रिजला चिकटून किंवा मीटरच्या पेटीजवळ लावू नये. वीज गेली तरी बॅटरीवर चालेल अशी असावी.

खिळा ठोकण्यापूर्वी चाचणी घ्यावी. एकाने घंटेजवळ उभे राहावे, दुसऱ्याने बटण घेऊन घराच्या प्रत्येक कोपऱ्यात जावे, दारे लावून घ्यावीत, जमिनीवर बसूनही दाबून पाहावे. वाजली तिथे नकाशावर बरोबरची खूण, न वाजली तिथे फुली. आम्ही हिशेब लिहिणारे कारकून; आमचा अनुभव असा की फुली कागदावर दिसली की दुरुस्ती होते. फुलीच्या बाजूने घंटा सरकवून पुन्हा पाहावे. तरीही न जमल्यास लहरी पुढे पाठवणारे यंत्र मध्ये बसवावे.

घंटेची चाचणी दर पौर्णिमेला वंदनेनंतर घ्यावी. बॅटऱ्या भीमजयंतीला आणि १४ ऑक्टोबरला बदलाव्यात. सहा महिन्यांचे अंतर आपोआप पडते, विसर पडत नाही. घंटेशेजारी मोठ्या अक्षरांत ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक लिहून ठेवावा. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये मदतीचे बटण सक्तीचे झाले आहे. आपल्या फोनवर ते कसे दाबायचे, हे नातवंडांनी आजी-आजोबांना शिकवावे.

बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले. आपण सभेला जमतो, मोर्चाला जमतो. शेजारची घंटा ऐकून हातातले काम टाकून धावणे, हीसुद्धा संघटनाच आहे. येत्या पौर्णिमेला विहारातून परतताना आपल्या मजल्यावर कोण वडीलधारे दिवसा एकटे असतात, याची यादी करा. यंत्र नंतर आणता येईल. यादी त्याच रात्री होऊ शकते.

जयभीम!