पान्हा फुटतो कसा?

धार काढायला बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कासेत दूध आहे म्हणून ते चरवीत पडेलच असं नाही. आधी वासरू सोडावं लागतं. त्यानं दोन-चार ढुशा दिल्या की गाय पान्हावते. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुत्रं भुंकलं, तर तीच गाय पान्हा चोरते. दूध असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं, हे आपल्या भाषेला किती आधीपासून माहीत आहे!

१९४१ साली एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गायींना मुद्दाम दचकवून हेच तपासलं. घाबरल्यावर अंगात उसळणारं अ‍ॅड्रिनलिन पान्हा अडवतं, असं त्यांना आढळलं.

आता गोठ्यातून पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या एका ऑफिसात येऊ. बाळंतपणाची रजा संपवून परतलेली एक आई ब्रेस्ट पंप लावून बसली आहे. छाती भरलेली आहे, पण बाटलीत जेमतेम थेंब पडताहेत. पाच मिनिटांनी मीटिंग आहे आणि दाराला कडी नाही. तिला वाटतं, माझं दूध आटलं. बहुतेक वेळा ते आटलेलं नसतं, अडलेलं असतं.

बाळ ओढू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी दोन निरोप धाडते. प्रोलॅक्टिन सांगतं, दूध बनव. ऑक्सिटोसिन सांगतं, सोड. स्तनात दूध बनवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन पोचलं की ती आवळते आणि दूध पुढे सरकतं. हाच पान्हा. यंत्र नुसतं ओढू शकतं, सोडण्याचा हुकूम मेंदूतूनच यावा लागतो.

आणि हा हुकूम निघायला बाळ जवळ असावंच लागतं असं नाही. त्याचं रडणं कानी पडलं, नुसती आठवण आली, तरी पान्हा फुटू शकतो. म्हणून कित्येकजणी पंपासोबत बाळाचं न धुतलेलं टोपडं नेतात, फोनवर त्याचा व्हिडिओ लावतात. वासराचं काम टोपडं करतं!

दूध किती बनवायचं, याचा हिशेब तर त्याहून विलक्षण. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दिवसाला सरासरी पाऊण लिटर दूध लागतं. ते घागरीत भरून ठेवलेलं नसतं. जेवढं निघेल तेवढं पुन्हा बनतं. छाती भरून राहिली की तिथंच काम मंदावतं, रिकामी झाली की वेग घेतं. डावीचा हिशेब वेगळा, उजवीचा वेगळा. अळिवाचे लाडू बाळंतिणीला पोसतात, ते जरूर खावेत. मात्र दूध वाढवणारा खरा निरोप म्हणजे छाती रिकामी होणं. नऊ-दहा तास बाहेर राहणाऱ्या आईनं साधारण दर तीन तासांनी दूध काढायचं ते यासाठी. नाही काढलं तर दूध दाटतं, गाठी होतात, ताप भरू शकतो आणि हळूहळू शरीर समजतं, की आता एवढं नको.

दिवसभर दुरावलेलं बाळ रात्री सारखं अंगावर पितं, तेव्हा घरातले म्हणतात, पोट भरत नाही, वरचं दूध सुरू करा. पण प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं. ते बाळ दिवसाची उणीव भरून काढत असतं आणि उद्याच्या दुधाची तजवीजही करत असतं.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. पुण्याचा वैशाख २५ अंशांवर थांबत नाही, तेव्हा पिशवीत बर्फाचे पॅक हवेतच. ठेवलेल्या दुधावर स्निग्धांश वर येतो. ते नासलेलं नसतं, बाटली हलकेच फिरवली की मिसळतं. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली धरून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

कायद्यालाही हे शरीर थोडं कळलं आहे. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभ कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. १९६१च्या केंद्रीय कायद्यानं बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, पाजण्यासाठी रोज दोन वेळा सवड दिली. २०१७मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर आलं. पण २६पैकी ८ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधले दोन महिने पंपावर निघतात. आणि मंडईत भाजी विकणारीला, चार घरची धुणीभांडी करणारीला ना रजा, ना पंप. पुण्यात बांधकामांवर ‘तारा मोबाइल क्रेशेस’ची पाळणाघरं चालतात, तिथं मजूर आईचं मूल तिच्या हाकेच्या अंतरावर राहतं. असं किती आयांना मिळतं?

एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोल्यांना आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही असा कक्ष झाला. हिरकणीसुद्धा कामावर गेलेली आईच होती. कोजागिरीच्या दिवशी रायगडावर दूध विकायला गेली, दरवाजे बंद झाले आणि तान्ह्यासाठी ती कडा उतरली, अशी कथा आहे. तिच्या धैर्याला आपण बुरुज दिला. पण त्या कोजागिरीला तिच्याही उरात दूध दाटलं असणार, हे मला पान्ह्याचं शास्त्र वाचताना पहिल्यांदा जाणवलं. खाली बाळ भुकेलं होतं आणि वर तिचं शरीर तिला तीच वेळ सांगत होतं.

तिच्यासाठी दार उघडायला हवं होतं. आजच्या आईला दिवसातून दोन-तीनदा, वीसेक मिनिटं, आतून कडी लागणारं एक दार हवं आहे.