गुरुत्वाकर्षण, दाब आणि पोखरलेले बी

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे गाव ‘डिग्री कॉफी’साठी ख्यातनाम आहे. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड भरून तीवर उकळते पाणी ओतले, की डिकॉक्शन थेंबाथेंबाने खाली उतरते. येथे काम करते ते केवळ गुरुत्वाकर्षण. घाई चालत नाही.

युरोपला मात्र घाई होती. १८८४ मध्ये ट्युरिनच्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या दाबावर चालणारे कॉफीयंत्र मांडले. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी एकेक पेला स्वतंत्रपणे काढून देणाऱ्या यंत्रासाठी पेटंट मागितले आणि देसिदेरिओ पावोनी यांनी ते बाजारात आणले. तथापि वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार असे आणि अतितप्त पाण्यामुळे कॉफी करपट लागे. आकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्राने दुसऱ्या महायुद्धानंतर दाब आठ-नऊ बारपर्यंत नेला. तेव्हा पेल्यावर ‘क्रेमा’ हा सोनेरी फेस प्रथमच दिसू लागला. १९६१ च्या ‘फेमा ई-६१’ मध्ये तरफेची जागा विद्युत पंपाने घेतली. आज पंचवीस-तीस सेकंदांत एस्प्रेसो तयार होते.

पद्धती भिन्न असल्या, तरी बियांत जे नाही ते दोहोंनाही काढता येत नाही. दाट फेसासाठी एस्प्रेसोच्या मिश्रणात रोबस्टा घालतात आणि या रोबस्टालाच फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा मोठा धोका असतो. भारतात ही कीड १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर परिसरात प्रथम आढळली. दोन मिलिमीटरहूनही लहान असलेली मादी फळाच्या टोकाला छिद्र पाडून आत शिरते व बियांत अंडी घालते; अळ्या बी आतून खातात. असे बी वजनाला हलके भरते, त्यात बुरशी शिरते आणि चव बिघडते.

उपाय साधे, पण चिकाटीचे आहेत: वेळेवर तोडणी करावी, झाडावर व जमिनीवर एकही फळ शिल्लक ठेवू नये आणि माल नीट वाळवावा. एका मळ्यात राहिलेली फळे शेजारच्या मळ्यालाही भोवतात; म्हणून हे काम सर्वांनी मिळून करावयाचे आहे.

कावेरी कोडगूच्या कॉफीप्रदेशात उगम पावून तंजावरच्या भातखाचरांपर्यंत येते. तिच्या काठच्या पेल्यातील चव मात्र वर डोंगरात, तोडणीच्या हंगामातच ठरलेली असते.