दुकानाचे नामकरण

बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या पाट्या तुम्ही रोज वाचता. परंतु त्यांवरील नावे कशी ठरली असतील, असा प्रश्न तुम्हांला क्वचितच पडत असेल. पुष्कळ दुकानांना मालकाचे आडनाव असते, काहींना कुलदैवताचे, तर काहींना आत मिळणाऱ्या मालाचे. नाव जुने झाले म्हणजे ते आपोआप उगवल्यासारखे वाटू लागते. वास्तविक ते कोणीतरी बराच खल करून निवडलेले असते.

समजा, महाडच्या बाजारपेठेत एखाद्याने बैठ्या खेळांचे दुकान काढावयाचे ठरविले. बुद्धिबळ, सारीपाट, कॅरम, सावंतवाडीची गंजिफा आणि अलीकडे निघालेले पटावरचे नाना खेळ तेथे मिळावयाचे. गिऱ्हाईक महाडचे, तसेच पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाड्यांतून एस. टी.ने येणारे. या दुकानाला नाव काय द्यावे?

‘क्रीडा साहित्य भांडार’ हे नाव कोणालाही प्रथम सुचेल. त्यात एक गुण आहे : आत काय मिळते, ते कळते. पण उद्या दुसऱ्या कोणी समोरच तसलेच दुकान थाटून तेच नाव लावले, तर काय करावयाचे? व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा सांगतो की, नुसते मालाचे वर्णन करणारे शब्द एकट्याच्या मालकीचे म्हणून सहसा नोंदविता येत नाहीत. ‘क्रीडा’ आणि ‘भांडार’ हे शब्द सर्वांचे आहेत; ते कोणी एकट्याने अडवून ठेवावेत कसे?

म्हणून चतुर व्यापारी निराळी वाट धरतात. तुमच्या दप्तरातील कंपासपेटी पाहा. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाई तयार करण्याचा उद्योग आरंभिला. पुढे त्यांच्या शाईवर ‘कॅमल’, म्हणजे उंट, हे चिन्ह आले, आणि उंट व शाई या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा सांधा जुळवून ‘कॅम्लिन’ हा शब्द घडला. तो कोणत्याही कोशात नव्हता, म्हणूनच तो त्यांचा झाला. २०११ मध्ये एका जपानी कंपनीने या कंपनीतील मोठा हिस्सा विकत घेतला. पण ‘कॅम्लिन’ हे नाव तिने टाकून दिले नाही, आपल्या नावाला ते जोडून घेतले.

आता कोणी म्हणेल, एवढे लांब कशाला जावे? आपल्या भागाचे नाव घ्यावे. महाडजवळच तर रायगड आहे! या किल्ल्याचे जुने नाव रायरी. १६५६ साली तो शिवाजी महाराजांच्या हाती आला व पुढे ‘रायगड’ या नावाने स्वराज्याची राजधानी झाला. महाराजांनी इतरही किल्ल्यांना नवी नावे दिली. महाड तालुक्यातील कांगोरीला त्यांनी मंगळगड म्हटले, तोरण्याला प्रचंडगड म्हटले. गंमत अशी की, रायरी हे नाव मागे पडून रायगड सर्वतोमुखी झाले, पण तोरणा मात्र आजही लोकांच्या तोंडी तोरणाच आहे! नाव ठेवणारा छत्रपती असला, तरी ते चालविणारी जीभ लोकांची असते. दुकानदाराने एवढे लक्षात ठेवले, तरी पुरे.

पण रायगडाच्या नावातही एक अडचण आहे. पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला १९८१ साली रायगड हे नाव मिळाले. त्यामुळे ‘रायगड’ एवढ्याने महाडचे दुकान की अलिबागचे, हे कळावयाचे नाही. शिवाय अशी नावे जपून वापरावी लागतात. २०२२ साली राज्याने दुकानांविषयीच्या कायद्यात सुधारणा केली, तेव्हा दारूच्या दुकानांना थोर व्यक्तींची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई करण्यात आली. खेळांच्या दुकानाला ही मनाई नाही. तरी तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे.

मग नद्यांची नावे? महाडला सावित्री आणि गांधारी या दोन नद्या आहेत. ‘सावित्री’ हे नाव गोड खरे, पण त्यावरून खेळ कोणाच्या ध्यानात येणार? आणि ‘गांधारी’ म्हटले की तिचा भाऊ शकुनी आठवतो व त्याच्या कपटाच्या फाशांचीही आठवण होते! खेळांच्या दुकानाला याहून वाईट शकुन कोणता?

हा केवळ विनोद नव्हे. खेळाशी निगडित असे पुष्कळ मराठी शब्द दुहेरी अर्थाचे आहेत. ‘डाव’ म्हणजे खेळातील पाळी, तसेच कपटाचा बेतही. ‘दान’ सोंगट्यांत पडते, आणि याचकालाही देतात. ‘फासे’ म्हटले की जुगार आठवतो, आणि नावापुढे ‘अड्डा’ लावला, तर कोणती आई आपल्या मुलीला तेथे पाठवील? लहान गावात दुकानाची अब्रू नावापासूनच सुरू होते.

इंग्रजी नाव घेण्यास बंदी नाही. इंग्लंडमध्ये १८९६ साली आपल्या पचिशीवरून एक खेळ निघाला. त्याला ‘मी खेळतो’ या अर्थाचा ‘लुडो’ हा लॅटिन शब्द नाव म्हणून मिळाला, आणि आज तो शब्द खेड्यातील मुलेही सहज उच्चारतात. याचे कारण शब्द आखूड आहे. पाटी मात्र देवनागरीत हवीच. २०२२ च्या त्याच सुधारणेने लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी अक्षरे आवश्यक केली असून, ती अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. तेव्हा देवनागरीत लिहिल्यावर वाचणारा अडखळेल, असे नाव घेण्यात शहाणपण नाही.

माझ्या मते ‘सोंगटी’ हे नाव चांगले. तीन अक्षरी, घरगुती शब्द. जुगाराचा वास नाही. सारीपाटाची आठवण करून देतो, आणि आजकालच्या पटांवरही सोंगट्या असतातच. ते कोणी आधीच नोंदविले आहे काय, हे व्यापारचिन्हांच्या नोंदणीत पाहिले पाहिजे. पोलादपूरच्या एस. टी. स्थानकावर चार माणसांना ते तोंडी सांगून, त्यांनी परत नीट म्हटले तरच पाटी रंगवावयास द्यावी.

आणि महाडमध्ये पाटीवर फार विसंबूनही चालत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीला महापूर आला, बाजारपेठ पाण्याखाली गेली, दुकानांतील माल चिखलाने भरला. अशा वेळी पाटी वाहून जाते, कधी दुकानाची जागाही बदलावी लागते. नाव जिभेवर बसलेले असले, तर गिऱ्हाईक पूर ओसरल्यावर पेठेत येऊन एवढेच विचारील, “काय हो, ते सोंगटीवाले आता कोठे बसतात?”