भूरसायनाची ओळख – लेखांक 7 : एक खडक, अनेक प्रयोगशाळा

मागील लेखांकात खडकांतील मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणांचा परिचय करून देण्यात आला. उपकरण कितीही सूक्ष्मग्राही असले, तरी त्याने दिलेला आकडा खरा आहे की नाही याची ग्वाही ते उपकरण स्वतः देऊ शकत नाही. भूरसायनशास्त्रज्ञांची संमेलने, सागरी मोहिमा आणि नव्या अभ्यासकांसाठी खुल्या असलेल्या संधी पाहिल्या, तर त्यांतील पुष्कळशा गोष्टी याच एका अडचणीतून उभ्या राहिल्याचे दिसते.

ही अडचण 1951 साली उघडपणे पुढे आली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या वर्षी एक अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यामागे दोन खडकांच्या पुडीची गोष्ट होती. ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्टर्ली येथील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील सेंटरव्हिल येथील डायबेस (म्हणजे बेसाल्टाशी नाते सांगणारा, पण जमिनीखाली थिजलेला काळा खडक) दळून प्रत्येकाची वेगळी एकजीव पूड करण्यात आली, त्यांना अनुक्रमे ‘जी-1’ आणि ‘डब्ल्यू-1’ अशी नावे देण्यात आली आणि त्यांच्या पुड्या निरनिराळ्या प्रयोगशाळांना विश्लेषणासाठी पाठवण्यात आल्या. पूड एकच असल्याने उत्तरेही जवळपास सारखी यावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सिलिका आणि ॲल्युमिना यांसारख्या खडकात भरपूर असणाऱ्या घटकांच्या बाबतीतही नामांकित विश्लेषकांचे आकडे परस्परांशी जुळेनात. ज्या मूलद्रव्यांचे प्रमाण दशलक्षात काही भाग एवढेच असते, त्या लेशमूलद्रव्यांची स्थिती तर त्याहून वाईट होती. या निष्कर्षाने अनेकांची पंचाईत झाली असणार, परंतु तो दडपून न ठेवता सविस्तर छापला गेला, आणि भूरसायनशास्त्राला शिस्त लागली ती बव्हंशी या छापील कबुलीमुळे असे मानण्यास जागा आहे.

त्यातून ‘संदर्भ-नमुना’ ही संकल्पना रूढ झाली. संदर्भ-नमुना म्हणजे अनेक प्रयोगशाळांनी निरनिराळ्या पद्धतींनी तपासल्यामुळे ज्याचे घटक विश्वासार्ह रीतीने ठरले आहेत अशी खडकाची पूड. स्वतःच्या नमुन्यांबरोबर ती पूड त्याच आम्लात विरघळवून त्याच दिवशी मोजली आणि तिचा आकडा मान्य आकड्याशी जुळला, तरच उरलेले आकडे ग्राह्य धरावेत असा प्रघात पडला. जी-1 चा साठा संपल्यावर जी-2 आला. आज जगभरच्या बेसाल्ट-अभ्यासात वापरली जाणारी ‘बीएचव्हीओ-2’ ही पूड हवाई बेटांवरील किलाउआ ज्वालामुखीच्या हलेमाउमाउ विवरातून 1919 साली ओसंडलेल्या लाव्ह्याची आहे. भारतात डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने डलहौसीच्या ग्रॅनाइटपासून असा नमुना तयार केला. हे काम वेळखाऊ असून त्यात नाव मिळण्याची शक्यता कमी, म्हणून ते करणाऱ्यांविषयी अधिक कृतज्ञता असावयास हवी.

चूक नेमकी कोठे शिरते हे पाहण्यासाठी एका नमुन्याच्या प्रवासाकडे बारकाईने पाहावे लागते. हातोड्याने फोडलेल्या खडकाचा हवामानाने झिजलेला पापुद्रा आधी काढून टाकला जातो आणि आतला ताजा भाग चक्कीत दळला जातो. चक्की टंगस्टन कार्बाइडची असेल, तर पूड लवकर आणि मऊसूत होते, पण तिच्यात टंगस्टन व कोबाल्ट मिसळतात. म्हणून ही मूलद्रव्ये मोजायची असतील तर अकीकाची चक्की वापरावी लागते आणि दळणाला अधिक वेळ द्यावा लागतो. पुढे ती पूड टेफ्लॉनच्या झाकणबंद कुपीत हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांत तापवली की द्रावण आरशासारखे स्वच्छ दिसते. परंतु ग्रॅनाइटमधील झिरकॉन हे खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तळाशी तसेच राहतात आणि झिर्कोनियम व हाफ्निअम यांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी येतात. शेवटी एक ‘कोरी चाचणी’ घेतली जाते, म्हणजे खडक न घालता नुसती आम्ले त्याच सर्व टप्प्यांतून नेली जातात. आम्ल, कुपी आणि खोलीतली हवा यांनी मिळून किती भर घातली ते या चाचणीतून कळते. संदर्भ-नमुना आणि कोरी चाचणी यांचे आकडे न देता प्रसिद्ध झालेल्या तक्त्याकडे अनुभवी वाचक साशंकतेनेच पाहतो.

हीच तपासणी नियमित आणि सर्वांना खुली व्हावी म्हणून भूविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1996 पासून ‘जिओपीटी’ नावाचा उपक्रम चालवला आहे. सहभागी प्रयोगशाळांना अनोळखी पूड पाठवली जाते, ठरलेल्या मुदतीत आकडे मागवले जातात आणि प्रत्येकीचे उत्तर सर्वमान्य मूल्यापासून किती ढळले हे अनुज्ञेय फरकाशी ताडून एका गुणांकात मांडले जाते. निकालात प्रयोगशाळांची नावे नसतात, केवळ सांकेतिक क्रमांक असतात. प्रत्येकीला आपली जागा कळते, पण कोणाचीही जाहीर फजिती होत नाही. लहान विद्यापीठांनी अशा उपक्रमात भाग घेणे हे महागडे नवे यंत्र खरेदी करण्याइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे. आपल्याकडे यंत्राच्या उद्घाटनाला जेवढे महत्त्व मिळते तेवढे या कामाला मिळत नाही, ही गोष्ट नमूद करणे भाग आहे.

खडकाच्या पुडीत चूक दशांशात असते. समुद्राच्या पाण्यात ती कित्येक पटींत जाऊ शकते. उल्काश्मांतील शिशाच्या समस्थानिकांवरून (समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याची निरनिराळ्या वजनांची अणुरूपे) पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे असल्याचे 1956 साली दाखवणारे क्लेअर पॅटरसन यांना त्या कामातच कळून चुकले होते की प्रयोगशाळेतील हवा, पाणी, कपडे आणि माणसाची त्वचा या सर्वांतून शिसे नमुन्यात उतरते. तेवढ्यासाठी त्यांनी काटेकोर स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि पुढे समुद्राच्या पाण्याकडे मोर्चा वळवला. महासागराच्या पृष्ठभागाजवळ शिसे अधिक आणि खोलवर कमी आहे, आणि हे वरचे शिसे मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाच्या धुरातून हवेमार्गे आले आहे, हे त्यांच्या व सहकाऱ्यांच्या मोजमापातून दिसले. तथापि 1970 च्या दशकात एकच पाणी अनेक प्रयोगशाळांत वाटून पाहिले असता बहुतेकांचे आकडे भरवशाचे नसल्याचे आढळले, कारण जहाजाचा रंग, पोलादी दोर, बाटलीचे झाकण, यांपैकी काहीही त्या पाण्यातील नैसर्गिक शिशाला सहज झाकून टाकत होते.

‘जिओट्रेसेस’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने हा धडा मोहिमेच्या आराखड्यातच घातला. महासागरांतील लेशमूलद्रव्ये आणि समस्थानिके यांचा नकाशा तयार करणे हा त्याचा हेतू. पण मुख्य सफरी 2010 मध्ये सुरू होण्यापूर्वी 2008 आणि 2009 साली अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत केवळ परस्पर-तुलनेसाठी सफरी काढण्यात आल्या. पुढील मोहिमांतही ‘छेद-स्थानके’ ठेवण्यात आली, म्हणजे एका देशाच्या जहाजाचा मार्ग दुसऱ्या देशाच्या मार्गाला जेथे छेदतो तेथे दोघांनीही पाणी काढावे आणि खोल पाण्यातले आकडे ताडून पाहावेत, कारण खोल पाणी फार सावकाश बदलते. धातूचा दोर टाळून कृत्रिम धाग्याच्या दोरावर बाटल्या सोडणे, जहाजावर गाळलेल्या हवेची खोली ठेवणे, पाणी हाताळताना हातमोजे बदलत राहणे, या सवयी तेथे नियम म्हणून पाळल्या जातात. भारत या कार्यक्रमात सहभागी आहे; अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ‘सागर कन्या’ या जहाजावरून अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर यांतील पाण्याचा असा अभ्यास केला आहे. आकडे तपासून झाल्यावरच ते एकत्रित संग्रहात घेतले जातात. असे संग्रह 2014, 2017 आणि 2021 साली प्रसिद्ध झाले असून ते कोणत्याही अभ्यासकाला खुले आहेत. ज्याच्याकडे जहाज नाही, यंत्रही नाही, अशा पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रथम दर्जाच्या सामग्रीवर काम करण्याची वाट या संग्रहांनी मोकळी करून दिली आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला समान संदर्भ-नमुन्यांच्या उपयोगाचे सर्वांत जवळचे उदाहरण सह्याद्रीत सापडते. घाटात एकावर एक बसलेले लाव्ह्याचे थर डोळ्यांना बहुधा सारखेच काळे दिसतात. त्यांची ओळख 1980 च्या दशकात पटली ती रासायनिक खुणांवरून. मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतील पीटर हूपर व जॉन महोनी, ब्रिटनमधील कीथ कॉक्स अशा अनेकांच्या कामातून थरांची क्रमवारी लागली आणि इगतपुरी, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत गेली. बुशे थरांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर चढे आहे, कारण तो लाव्हा वर येताना जुन्या ग्रॅनाइटी कवचाचा अंश घेऊन आला. त्यावरील आंबेनळी थरांत ही भेसळ अगदी थोडी आहे. अनेक देशांत वेगवेगळ्या यंत्रांवर केलेली ही विश्लेषणे एका क्रमात बसू शकली, कारण त्यांच्या मुळाशी समान संदर्भ-नमुने होते.

मात्र एकमत नेहमीच होते असे नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या 2019 च्या फेब्रुवारीतील एकाच अंकात हे थर घडवणाऱ्या दख्खनच्या उद्रेकाचे दोन कालपट छापून आले. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणाऱ्या लाल मातीच्या पट्ट्यांतून, ज्यांना भूशास्त्रज्ञ ‘बोल’ म्हणतात, झिरकॉनचे कण वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले आणि उद्रेक चार झटक्यांत झाला, त्यांतील एक झटका डायनोसॉरांच्या विनाशापूर्वी काही दशसहस्र वर्षे सुरू झाला, असा निष्कर्ष काढला. बर्कलीच्या गटाने लाव्ह्यातील फेल्डस्पार खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. त्यांच्या मते उद्रेक बराचसा अखंड होता आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशाच्या कालसीमेनंतर बाहेर पडला. दोन्ही गटांत महाराष्ट्रातील संशोधक सहलेखक होते, एकात अमरावती विद्यापीठाचे, तर दुसऱ्यात मुंबई आयआयटीचे. वादाचा गाभा असा की ती सीमा सह्याद्रीत नेमकी कोणत्या थराशी ठेवायची, आणि प्रत्येक आकड्याबरोबरची अनिश्चितता कशी हिशेबात घ्यायची.

असे वाद सोडवण्याची पूर्वतयारी वयमापन करणाऱ्यांनी आधीच सुरू केली होती. ‘अर्थटाइम’ या उपक्रमाखाली ज्ञात प्रमाणात शिसे व युरेनियमची कृत्रिम समस्थानिके मिसळलेले द्रावण तयार करून ते निरनिराळ्या प्रयोगशाळांना वाटण्यात आले. हे द्रावण नमुन्यात घातले की युरेनियम-शिसे पद्धतीच्या मोजमापाचा मापदंड सर्वांचा एकच राहतो, आणि मग उरणारा फरक मापदंडाचा नसून खडकाचा किंवा त्याच्या अर्थ लावण्याचा आहे हे निश्चित सांगता येते. सह्याद्रीचा वाद त्यामुळे संपलेला नाही, पण तो कोठे आहे हे कळले आहे, आणि शास्त्रात हे थोडे नव्हे.

या सर्व मंडळींची वार्षिक गाठभेट गोल्डश्मिट संमेलनात होते. नॉर्वेत काम केलेले, आधुनिक भूरसायनशास्त्राचा पाया घालणारे व्हिक्टर गोल्डश्मिट यांचे नाव घेतलेले हे संमेलन 1988 मध्ये सुरू झाले आणि 1955 मध्ये स्थापन झालेली जिओकेमिकल सोसायटी व युरोपीय भूरसायन संघटना मिळून ते भरवतात. सोसायटीच्या सर्वोच्च गोल्डश्मिट पदकाचे मानकरी 1997 साली देवेंद्र लाल होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1950 च्या दशकात त्यांनी व सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यातून विश्वकिरणांनी निर्माण केलेली बेरिलियमची समस्थानिके वेगळी काढली होती. संमेलनात नवख्यांना भित्तिपत्रक मांडता येते, काही विद्यार्थ्यांना संयोजनाच्या कामात मदतीच्या बदल्यात नोंदणी शुल्क माफ होते, आणि प्रवासखर्चासाठी अनुदानेही असतात. अर्ज मात्र वेळेत करावे लागतात.

देशांतर्गत संधींसाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला सुमारे दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत नेते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पदव्युत्तर प्रबंधाचे काम करता येते, वास्कोतील ध्रुवीय संशोधन केंद्रात बर्फातील रसायनाचा अभ्यास चालतो. आणि नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रातील भूकालमापन सुविधेत विद्यापीठीय संशोधकांना अर्ज करून यंत्राचा वेळ मिळवता येतो. अशा अर्जात उपकरणाची मागणी करण्यापेक्षा कोणता संदर्भ-नमुना सोबत मोजणार आणि कोऱ्या चाचण्या किती घेणार हे लिहिलेले असले, तर परीक्षकांना अर्जदाराची तयारी लगेच कळते. पुढील लेखांकात दख्खनच्या बोल-पट्ट्यांतील झिरकॉन वेचण्याची प्रक्रिया पाहू.